भाड्याची शेरवानी



गेल्या वैशाखात मी कांजूरमार्गला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. माझी धाकटी बहीण पंचवीस वर्षांपासून तिथे नांदते. आमचे जावई कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला, त्यांनी रिक्षा घेतली, पोराला शिकवले, पोरगा नोकरीला लागला. विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणला उतरायचे, तिथून धिमी लोकल धरायची, भांडुप गेले की कांजूरमार्ग. वाट मला पाठ आहे. दर खेपेला घरची ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन जातो. या खेपेला मात्र बहिणीचा फोन आला, "दादा, ज्वारी नाही आणली तरी चालते, कपड्याचं तेवढं पाहजो."

कपड्याचे काय पाहायचे ते भाच्याने मोबाईलवर पाठवलेल्या पत्रिकेत होते. हळदीला पुरुषांनी पिवळा कुर्ता. लग्नाला वराकडच्या पुरुषांनी आकाशी शेरवानी आणि गुलाबी फेटा. त्याखाली लिहिले होते, "आपली उपस्थिती हाच आहेर." म्हणजे आहेर नको, पण उपस्थिती आकाशी रंगाची पाहिजे!

माझ्याकडे दोन धोतरे, तीन सदरे आणि मुलीच्या लग्नात शिवलेला पांढरा नेहरू शर्ट-पायजमा होता. मामा म्हणून नवरदेवाच्या पाठीशी उभे राहायचे. फोटोत आपला एकट्याचाच पांढरा ठिपका दिसेल, पोरगा नाराज होईल, असे वाटले. मुंबईत उतरल्यावर एका दुकानातून शेरवानी भाड्याने घेतली. एका दिवसाचे भाडे १,८०० रुपये, अनामत वेगळी. लग्न दुपारी साडेबाराला. हॉलमधली थंड हवा गर्दीला पुरेना. तो जाड, चकचकीत कपडा घामाने अंगाला चिकटला. मंगलाष्टके संपेपर्यंत माझ्या पाठीवरून पाण्याचे ओहोळ वाहत होते.

पुढची गंमत ऐका. वाढणाऱ्या पोरांनाही केटररने शेरवानी आणि फेटाच दिला होता. रंग थोडा वेगळा, एवढेच. मुलीकडचे एक गृहस्थ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अहो, तिकडच्या टेबलावरचं पाणी संपलंय, जरा बाटल्या आणून द्या." मी आणून दिल्या. पाहुण्याला पाणी देण्यात कसला कमीपणा? पण मनात आले, नेहरू शर्ट-पायजम्यात उभा असतो तर हा माणूस म्हणाला असता, "गावाकडचे पाहुणे दिसता, बसा." शेतकरी म्हणून माझी जी काही ओळख होती ती मी १,८०० रुपये देऊन पुसून घेतली होती. वाढणाऱ्या पोरांना निदान कपड्याचे भाडे भरावे लागले नव्हते.

संध्याकाळी शेरवानी परत करायला उतरवली तेव्हा मानेमागची पट्टी वाचली. शंभर टक्के पॉलिएस्टर. ज्या माणसाच्या घराण्यात तीन पिढ्या कापसाशिवाय दुसरे नगदी पीक निघाले नाही, तो भाच्याच्या मांडवात दगडी तेलापासून काढलेल्या धाग्यात उभा होता!

ही माझी एकट्याची कथा असती तर बैठकीच्या पत्रकात लिहिली नसती. तुमच्यातल्या किती जणांचे पोर पुण्यात, मुंबईत, नागपुरात आहे? किती जणांना अशी पत्रिका आली? मुंबईची गोष्ट सोडा, आता आपल्या तालुक्याच्या मंगल कार्यालयातही हळदीला पिवळे आणि लग्नाला एकरंगी कपडे सुरू झाले आहेत. नवरदेवाचे मित्र, भाऊ, चुलते सगळ्यांना एक रंग. ज्याला जमत नाही तो मागच्या खुर्चीवर बसतो, किंवा "पेरणीची घाई आहे" असे सांगून लग्नालाच येत नाही. खरे कारण तो बायकोलाही सांगत नाही.

म्हणून प्रश्न नीट मांडू या. लग्नाला बोलावलेल्या माणसाने काय घालावे, आणि ते कोणी ठरवावे?

कपड्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवर पान खर्च करायचे का, असे कोणी म्हणेल. कपडा क्षुल्लक असता तर १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईच्या रस्त्यावर चिरडला गेला नसता. आणि १८८८ सालची पुण्याची गोष्ट आठवा. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानासाठी हरी रावजी चिपळूणकरांनी समारंभ केला. बडी मंडळी दागदागिने आणि जरीचे पोषाख घालून आली. त्याच समारंभाचे निमंत्रित महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. भाषणात त्यांनी सांगितले की, या नटलेल्या मंडळींवरून देशाची परीक्षा करू नका, खरी रयत पाहायची तर खेड्यात जा.

फुल्यांकडे बरा अंगरखा नव्हता म्हणून ते तसे गेले असे समजू नका. ते बांधकामाचे ठेकेदार होते, त्यांना तलम कपडा परवडत होता. यजमान त्यांचा मित्र होता, त्याचा अपमान करायचा असेही नव्हते. आपण कोण आणि कोणाच्या वतीने आलो हे पाहुण्याने लपवू नये, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यावर असली सभा गाजवायची पाळी येत नाही. आम्हाला फक्त भाच्याच्या लग्नात शेतकरी म्हणून उभे राहायचे असते, आणि तेवढेही आमच्याच्याने होत नाही!

आता आपल्या घरातली घाण आपणच काढू. मुंबईवाल्यांनी आपल्याला बिघडवले असे म्हणून सुटका नाही. टेरीकॉटचे खूळ आपण हौसेने घरात आणले. सत्तर-ऐंशीच्या दशकात जावयाला सफारी दिली नाही तर तो रुसायचा. आहेराच्या शर्ट-पँटच्या पिसांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच आहे. तो कपडा कोणी शिवत नाही. पिशवीतून निघतो, हळदकुंकवाचे बोट लागते, ट्रंकेत जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. आपणच दिलेले पीस पाच-सहा वर्षांनी आपल्यालाच परत आले, असे सांगणारे या जिल्ह्यात थोडे नाहीत. दुकानदाराने एकदा पैसे घेतले, पुढे त्याच पिसाने दहा घरांची लाज राखली. घालण्यासाठी नसलेला कपडा विकत घेणारा शेतकऱ्यासारखा गिऱ्हाईक जगात कुठे मिळेल?

१९८५ साली नवे वस्त्रोद्योग धोरण आले. त्यात कृत्रिम धाग्याला झुकते माप होते. शेतकरी संघटनेने टेरीकॉटच्या कपड्यांना 'राजीव वस्त्र' असे नाव देऊन त्यांच्या होळ्या केल्या. मीही एक शर्ट जाळला. खोटे कशाला बोलू, कॉलर फाटलेला होता. आणि पुढच्याच उन्हाळ्यात साडभावाच्या लग्नात सफारी घालून मिरवलो. होळीत जुना शर्ट आणि मांडवात नवी सफारी, असे आमचे आंदोलन!

थोडा हिशोब मांडू. एक क्विंटल कापूस रेचून साधारण ३४ किलो रुई निघते. सदरा-पायजम्याला जेवढे सुती कापड लागते त्यात सूतगिरणीची घट धरून दोन-सव्वादोन किलो कापूस जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, म्हणजे किलोला ८१ रुपये. तो मिळाला असे धरले तरी एका जोडीत शेतकऱ्याच्या हाती १६० ते १८० रुपये येतात, त्यातूनच बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी भागवायची. आणि माझ्या शेरवानीचे एका दिवसाचे भाडे १,८०० रुपये, म्हणजे बावीस किलो कापूस. आमच्या मायबहिणी बोंडाच्या टोकांनी हात ओरबाडून घेत, कमरेत वाकून जो बावीस किलो कापूस वेचतात, तो मी दुपारच्या जेवणापुरत्या दिखाव्यावर उडवला. हळदीचा पिवळा कुर्ता यात धरलेला नाही. गाडीभाडे धरलेले नाही.

यावर शहाणे विचारतील, "तुम्ही चार जणांनी सुती सदरा घातला तर कापसाचा भाव वाढेल का?" नाही वाढणार. उगाच खोटे सांगत नाही. भाव हा बाजाराच्या आणि सरकारी धोरणाच्या लढाईचा विषय आहे, ती लढाई सदऱ्याने जिंकता येत नाही. कोणी टेरीकॉट घालू नये असा फतवाही मला काढायचा नाही. तो कपडा स्वस्त पडतो, लवकर वाळतो, इस्त्री लागत नाही, वर्षानुवर्षे टिकतो. शेतात राबणारा माणूस तो घालतो ते परवडते म्हणून, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याच्या अंगावर जे आहे ते त्याच्या मालकीचे आहे ना, एवढेच मी विचारतो. माझा राग कपड्यावर नाही, उसन्या कपड्यावर आहे. आपल्यात म्हणच आहे, ऋण काढून सण. कृषी केंद्राची उधारी थकलेली, सोसायटीचे कर्ज नवेजुने केलेले, आणि मांडवात बाप-लेक एकाच रंगात चमकताहेत. समोर बसलेल्या सावकाराला सगळे ठाऊक असते.

आणखी एक. सुती कपड्याचे म्हातारपण तुम्ही पाहिले आहे. धोतर विरले की त्याची दुपटी होतात, लहान लेकराचे लंगोट होतात, लुगड्याबरोबर गोधडीत जाते, शेवटी पोतेरे होते आणि मातीत मिळते. या चमकणाऱ्या कपड्याचे काय होते? त्याने घाम पुसला जात नाही की जमीन पुसली जात नाही. त्याची गोधडी उबेला येत नाही. दहा-वीस भाडी संपली, जर निघाली, की तो कचऱ्यात जातो. आणि मुंबईचा बहुतेक कचरा कुठे जातो? त्याच कांजूरमार्गच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला, डम्पिंग ग्राऊंडवर. संध्याकाळी वारा फिरला की बहीण खिडक्या लावून घेते. पश्चिमेच्या हॉलमध्ये मिरवलेला कपडा कधीतरी पूर्वेच्या ढिगाऱ्यावर पडणार, आणि तिथे तो आपल्या नातवंडांच्या काळातही कुजणार नाही.

"पण पोरांची हौस आहे, तिचे काय?" भाचा मला वाईट वाटावे म्हणून काही करत नव्हता. एका रंगात सगळे छान दिसतात, एवढेच त्याच्या डोक्यात. पण मित्रांना सांगणे वेगळे आणि खेड्यातून येणाऱ्या चुलत्या-मामाला सांगणे वेगळे. पाहुण्याला बोलावणे हा मान आहे. त्यावर पोषाखाची अट घातली की त्या मानाचे तिकीट होते. इंडियाच्या मांडवात भारताने यायचे, पण भारतासारखे दिसायचे नाही, अशी ती अट आहे. आणि आपण ती मुकाट पाळतो, हा खरा दोष. मी फोन उचलून "बेटा, मामा पांढऱ्या सदऱ्यात येईल" एवढे म्हणालो असतो तर त्याने लग्न मोडले असते का? नंतर बहिणीला हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "दादा, मला वाटलं तुलाच हौस आहे." दोघेही एकमेकांच्या लाजेला भीत होतो.

मग काय घालावे? धुतलेला, इस्त्रीचा, आपल्या मालकीचा कपडा. धोतर-सदरा, पायजमा-नेहरू शर्ट, नाहीतर साधा शर्ट-पँट. सुती मिळत असेल तर सुती, कारण वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि अंगाला ते मानवते. डोक्याला टोपी, रुमाल किंवा पटका, जो घराण्यात चालत आला तो. नसेल तर उघडे डोके. यजमानाने बांधलेला फेटा आनंदाने घ्यावा, तो मान आहे, त्याचे भाडे पाहुणा भरत नाही. नवरदेवाने नटावे, त्याचा दिवस आहे. पाहुण्याचे काम अक्षता टाकणे, जेवणे आणि आशीर्वाद देणे, आणि यातल्या कशालाच शेरवानी लागत नाही.

जिल्हा बैठकीत मी तीन गोष्टी ठरावाला ठेवणार आहे.

एक, आपल्या घरच्या लग्नाच्या पत्रिकेत पाहुण्यांना पोषाखाची अट घालायची नाही, आणि दुसऱ्याने घातली तर ती पाळायची नाही. लग्नाला मात्र जायचेच.

दोन, लग्नासाठी भाड्याने किंवा उधारीने कपडा घ्यायचा नाही.

तीन, आहेरात न शिवण्याची पिसे द्यायची नाहीत आणि घ्यायची नाहीत. द्यायचेच असेल तर वापरता येईल असा सुती टॉवेल, पंचा किंवा धोतर द्यावे.

ठराव करून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जाऊन ट्रंक उघडायची, असे नको. ज्याला मान्य नाही त्याने बैठकीत उभे राहून तसे सांगावे, भांडावे. ज्याला मान्य आहे त्याने पुढच्या लग्नसराईत पाळून दाखवावे. दिवाळीनंतर माझ्या पुतण्याचे लग्न आहे. मी तोच पांढरा नेहरू शर्ट-पायजमा घालून दारात उभा राहीन. तुम्ही आपापल्या कपड्यात या.