सुट्टीच्या आदल्या दिवसाची शाळा

सणाची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्राथमिक शाळेत काय चालते, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी एकदा अवश्य जाऊन पाहावे. हजेरी होते, प्रार्थना होते. मग मुलांना पटांगणात बसवून सणाचे महत्त्व सांगणारे भाषण होते. तेच भाषण गेल्या वर्षीही झालेले असते. पाटीपूजन असेल तर पेढ्याचा तुकडा हाती पडतो आणि अखेरीस फळ्यावर सुट्टीचा अभ्यास उमटतो: शुद्धलेखन वीस पाने, पाढे तीन वेळा, आणि 'माझा आवडता सण' या विषयावर दहा ओळी. त्या दहा ओळीही पुष्कळदा फळ्यावरूनच उतरवून घ्यावयाच्या असतात! सुट्टीभर मूल त्या वहीकडे ढुंकून पाहत नाही आणि शेवटच्या रात्री दिव्याखाली रडत बसते. यात शिक्षण नाही आणि सणही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा दोष आम्ही एकट्या शिक्षकांच्या माथी मारीत नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशी शाळा चालविणाऱ्या माणसाला माध्यान्ह भोजनाचा हिशेब, मतदारयाद्या आणि वर मागतील ते तक्ते यांतून डोके वर काढावयास सवड नसते, हे आम्ही जाणतो. परंतु तो एक दिवस तरी त्याच्या हातातला आहे. त्या दिवशी साहेब तपासणीला येत नाहीत. 'अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा आहे' ही नेहमीची सबब येथे चालणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे दोनशे दिवस धरले आहेत. त्यांतील दसऱ्याचा एक व दिवाळीचा एक असे दोन दिवस म्हणजे शेकडा एक. आणि त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात मुलाने कृतीतून, शोधातून शिकावे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, असे स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा आम्ही सांगतो ते काही बंड नव्हे.

प्रथम दसरा घेऊ. महाराष्ट्रातील शाळांना मोठी सुट्टी दिवाळीची, तर कर्नाटकातील शाळांना ती दसऱ्याची. म्हणून सीमाभागातील मराठी शाळांच्या दृष्टीने दसऱ्याचा आदला दिवस अधिक मोलाचा. पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढण्याची आपली जुनी रीत आहे. ती बाईंनी काढून द्यावयाची आणि मुलांनी हळदकुंकू वाहावयाचे, हा क्रम उलटा करून पाहावा. मुलांनीच काढावी. कोणाच्या सरस्वतीत किती एक आले, डावीकडचे व उजवीकडचे सारखे आहेत काय, सारखे नसतील तर कोठे चुकले, हे त्यांनीच मोजावे. पहिलीतील मुलाला अंकलेखनाचा आणि समतोलाचा याहून सुरेख पाठ दुसरा नाही.

त्याच सुमारास हस्त लागतो आणि हादगा येतो. पुण्याकडे त्यास भोंडला म्हणतात. वऱ्हाडातील भुलाबाई ही त्याचीच बहीण. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरावयाचा, पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा. आता तिसरी-चौथीच्या वर्गाला विचारावे की सोळा दिवसांत गाणी एकंदर किती झाली? काही मुले बोटांवर मोजू लागतील, काही वहीत लांबलचक बेरीज मांडतील. एखादीच्या ध्यानात येईल की पहिला दिवस व सोळावा दिवस मिळून सतरा, दुसरा व पंधरावा मिळूनही सतराच, अशा आठ जोड्या. म्हणजे एकशे छत्तीस. ही युक्ती जिला स्वतः सापडली ती ती जन्मभर विसरणार नाही. खिरापतीचे तर विचारूच नका! डबा झाकून ठेवावयाचा आणि आत काय आहे ते प्रश्न विचारून ओळखावयाचे. 'लाडू का?' 'चकली का?' असे भरमसाट विचारणारे मूल हरते. 'गोड की तिखट?', 'तळलेले की भाजलेले?' असे विचारणारे दोन-चार प्रश्नांत डब्यापाशी पोहोचते. नेमका प्रश्न विचारण्याची ही विद्या आहे, आणि आमच्या पुष्कळशा पदवीधरांना ती अवगत नाही. फेर मुलींचाच असतो ही सबब सांगून मुलग्यांनी भिंतीशी उभे राहू नये, एवढे मात्र शिक्षकांनी पाहावे.

दिवाळीचा खरा पाठ किल्ल्याचा. बेळगाव-शहापुरात दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. जी गोष्ट मूल गल्लीत भुकेतहान विसरून करते तिला शाळेच्या आवारात जागा नसावी, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. दगड, विटांचे तुकडे, लाल माती, जुने गोणपाट, हळीव आणि मोहरी, साहित्य इतकेच. आधी वर्गाने ठरवावे की किल्ला कोणता. बेळगावच्या मुलाला खंदक असलेला भुईकोट शहरातच आहे आणि येळ्ळूरचा राजहंसगड हा गिरिदुर्गही जवळ आहे. ग्वाल्हेरच्या मुलाच्या तर डोक्यावरच किल्ला, आणि हैदराबादच्या मुलाने गोवळकोंड्याच्या दरवाजात टाळी वाजवून वर ऐकू जाते की नाही हे पाहिलेले असते. सिंधुदुर्ग करावयाचा म्हटला तर पाणी आणावे कोठून आणि ते मुरू नये म्हणून तळाशी काय घालावे? काळ्या मातीतले पाणी टिकते, वाळूतले टिकत नाही, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी मुलाच्या पायाला कळते.

किल्ला रचून झाला की त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. उघड्या मातीच्या उतारावर घळी पडतील, माती खाली वाहून येईल. मग एका अंगाला चिखलात भिजविलेले गोणपाट लावावे, त्यावर हळीव पेरावे, तीन-चार दिवसांत कोंब आल्यावर पुन्हा तेवढेच पाणी ओतून पाहावे. डोंगरावरची झाडी गेली की शेतात गाळ का येतो, याचे उत्तर मुलाच्या डोळ्यांपुढे असेल. त्याच पेरणीतला एक तुकडा टोपलीखाली झाकून ठेवला तर कोंब पिवळे व लांबुडके निघतात. ते का, हा प्रश्न मूल आपण होऊनच विचारील. दिवाळीची सुट्टी जेथे मोठी आहे तेथे हे काम मुलाने घरी करावे, रोज पट्टीने कोंब मोजावा आणि वहीत एक ओळ लिहावी. वीस पाने शुद्धलेखनापेक्षा ती दहा-बारा ओळींची वही आम्ही अधिक आनंदाने तपासू.

आमच्या पाहण्यातील एका वर्गात एक गंमत झाली. दरवाजा मोठ्या हौसेने बांधला, बुरूज चढविले, आणि बाजारातून आणलेला मावळा उभा केला तो बुरुजाहून उंच! घोडा तर दरवाजातून आत जाईना. मुलांमध्ये मोठा वाद माजला; किल्ला मोडावा की मावळे बदलावे? शेवटी त्यांनी शाडूचे बोटभर मावळे स्वतः केले, आणि मावळा एक बोट तर दरवाजा किती बोटे हे दोरीने मापून घेतले. गुणोत्तर हा शब्द त्या मुलांना अजून आलेला नव्हता. तो पुढे येईल तेव्हा त्यांची त्याच्याशी जुनी ओळख असेल. मोठ्या मुलांसाठी आणखी एक काम आहे: २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तामिळनाडूत. साल्हेरपासून जिंजीपर्यंत नकाशावर सुतळी ताणून पाहिली म्हणजे इतिहासाचा पल्ला हाताला लागतो.

येथे भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो आम्हांस लहान वाटत नाही. बुरूज, तट, माची, खंदक, दिंडी, चोरवाट, टाके, बालेकिल्ला हे शब्द मुलाला कोण देणार? ज्या मुलाच्या वाट्याला मराठी दिवसातून एक तास येते, किंवा तेवढीही येत नाही, त्याला हे शब्द पाठ करावयास लावले तर ते परीक्षेपर्यंत टिकतील. हाताने टाके खणलेले मूल मात्र तो शब्द मागून घेते, आणि आईच्या शिवणातले टाके निराळे म्हणून हसतेही. आकाशकंदिलाचे तेच. कामट्या, खळ, झिरमिळ्या, करंज्या हे शब्द हातात घेतल्यावाचून जिवंत राहत नाहीत. चांदणीच्या कंदिलाला दहा लांब कामट्या आणि दोन चांदण्या एकमेकींपासून दूर धरण्यासाठी पाच आखूड. एक जरी कमीजास्त झाली तरी चांदणी वाकडी होते आणि मूल ती न सांगता सोडविते. ठिपक्यांच्या रांगोळीविषयी आम्ही अधिक लिहीत नाही; एक, तीन, पाच, सात आणि पुन्हा पाच, तीन, एक असे मांडून एकंदर किती ते विचारले तरी पुरे.

बाजारात आता साच्यातले तयार किल्ले मिळतात, घडी उलगडली की कंदील होतो, आणि पालक ते विकत घेऊन शाळेच्या स्पर्धेत बक्षिसेही मिळवितात. स्पर्धेत बक्षीस बापाला मिळते, मुलाला नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा परदेशी महागडी साधने बाजूला सारून दगड, शिंपले, पाने, बिया यांतून मुलांना शिकविले. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी तेच चालविले. इकडे १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात कन्नड शाळांतून 'नली-कली' ही खेळत शिकण्याची पद्धत सुरू झाली. चांगली गोष्ट कोणत्या भाषेत निघाली हे पाहून ती टाकून देणारे आम्ही नव्हे. आमच्या शिक्षकांनी ती अवश्य जाऊन पाहावी.

वर्गात मुसलमान व ख्रिस्ती घरची मुले असतात, तेव्हा पूजा घरी आणि किल्ला शाळेत, एवढा विवेक शिक्षकाने ठेवला म्हणजे कोणाला परके वाटत नाही. मातीला कोणी जात विचारीत नाही. पण ज्यांच्या घरी दिवाळीच नसते त्यांचे काय? 'सुट्टीत काय काय खाल्ले' असा निबंध घालणाऱ्या शिक्षकाने वर्गातील शेवटच्या रांगेकडे एकदा पाहावे. दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम लागतो. बीडकडील शाळांतून मुले आईबापांबरोबर टोळीत निघून जातात आणि सुट्टीनंतर त्यांच्या जागा तशाच रिकाम्या राहतात. इकडे आमच्या उसाच्या पट्ट्यात कोप्या उभ्या राहतात आणि त्यांत तीच मुले दिसतात, मराठी बोलणारी, कोणत्याच पटावर नसलेली. तिकडच्या शाळेतील आदला दिवस हाच त्या मुलांचा सण असतो, आणि पुष्कळांचा तो शाळेतला त्या वर्षाचा अखेरचा धड दिवसही असतो. तो भाषणात घालवू नये.

इकडच्या मुख्याध्यापकांस आमची एक विनंती आहे. शाळेच्या आवारातला किल्ला सुट्टीनंतर लगेच मोडून जागा झाडून घेऊ नये. तुळशीच्या लग्नापर्यंत तो राहू द्यावा. कोप्यांतील पोरे कुंपणाशी उभी राहून पाहतील, तेव्हा फाटक उघडून त्यांना आत घ्यावे आणि पडलेला बुरूज बांधावयास सांगावे. गोणपाट वाण्याकडे मागितले तर फुकट मिळते, हळीव मूठभर पुरतो. माती मात्र सुट्टीच्या आधी चार दिवस आणून चाळून ठेवावी लागते; आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही.