अर्ज भरण्याआधी हिशेब शिका



शरद जोशींनी आंबेठाणच्या शिबिरांत कार्यकर्त्यांना उत्पादनखर्चाचे गणित शिकवले. 1994 साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, तोही खुल्या बाजारासाठी. पण विचार खरा असला म्हणून मते आपोआप पडत नाहीत. ऊसदराच्या लढ्यातून पुढे आलेल्या राजू शेट्टींना शिरोळने 2004 साली विधानसभेत आणि हातकणंगल्याने 2009 साली लोकसभेत पाठवले. 2019 साली तिथेच पराभव झाला. लढ्याच्या जोडीला गावोगाव शिकलेली फळी लागते.

म्हणून पहिल्यांदाच उभे राहणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. साखर उतारा आणि तोडणी-वाहतूक धरून एफआरपीचा हिशेब मांडता येतो का? ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल न आल्यास 15 टक्के व्याजाचा हक्क गावाला समजावता येतो का? ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येतो का?

पंचायतीत 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. मग शिबिरातही निम्म्या मायबहिणीच बसल्या पाहिजेत, त्यांचे कारभारी नव्हेत.

फुकटाची आश्वासने देऊन निवडून येणारा उद्या आपल्यालाच भीक घालील. आपली मागणी घामाच्या दामाची आहे. तिचा हिशेब ज्याला चावडीवर मांडता येईल, त्यालाच उभे करा.