रिपोर्टमधलं 'निल'

दुसऱ्यांदा मुतखडा झाला की माणूस आपोआप तत्त्वज्ञ होतो. पहिला तीन वर्षांपूर्वी. रात्री दोन वाजता सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी फरशीवर गडाबडा लोळलो होतो. आता हा दुसरा, ५ मिलिमीटरचा. मग काय, सल्ल्यांचा पूर! आजीने कुळथाचं कळण सुरू केलं. हापिसातल्या मित्राने बीअर सुचवली (तो सर्दीवरही तीच सुचवतो). खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अरे, आधी दूध बंद कर. कॅल्शियमचाच खडा ना तो?" आईने लगेच दूध-दही तोडलं.

मला खडा का झाला, यावर सगळे बोलले. बाकीच्यांना का होत नाही, हे कुणीच विचारलं नाही.

गंमत अशी की धडधाकट माणसाच्या लघवीतही कॅल्शियम ऑक्झलेट बऱ्याचदा इतकं असतं, की साध्या पाण्यात त्याचे स्फटिक झाले असते. तरी बहुतेकांचं निभावतं, कारण तिथे पहारेकरी आहेत. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. काही प्रथिनं स्फटिकाला चिकटून त्याला वाढू देत नाहीत, दुसऱ्या स्फटिकाला चिकटू देत नाहीत. त्यातलं सर्वात मुबलक युरोमोड्युलिन. टॅम आणि हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये ते वेगळं केलं, तेही फ्लूच्या विषाणूवर काम करताना! त्याचं जनुक काढलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात स्फटिक जमतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

माझ्या रिपोर्टवर मात्र 'प्रोटीन: निल'. कारण ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन शोधते. रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत उतरलं तर ते दुखणं, तिथे डॉक्टरच गाठायचा. युरोमोड्युलिन मूत्रपिंड स्वतः बनवतं, पण त्याची नोंदच नाही. आमच्या सर्व्हरसारखंच... बंद पडला की तीस मेल, चालू असताना कोण विचारतो?

आणि हो, प्रोटीन शेक पिऊन हे पहारेकरी वाढत नाहीत. उलट मांसाहाराचा अतिरेक झाला तर सायट्रेट घटतं.

मग आपल्या हातात काय? लघवी फार दाट, आम्ल आणि खारट झाली की युरोमोड्युलिनचेच गोळे होतात आणि पहारा ढिला पडतो. दिवसभर एसीत बसून चार कप चहावर भागवणारे आपण, दोष मात्र टोमॅटोला! पाणी इतकं हवं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. मीठ कमी. लिंबू चालेल, त्यात सायट्रेट असतं.

राहता राहिलं दूध. इटलीत खडे पुन्हा होणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षं प्रयोग झाला, २००२ मध्ये छापून आला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीसारखं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० पैकी फक्त १२ जणांना. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं, म्हणून.

हे सगळं आईला समजावलं, डॉक्टरांनीही दुजोरा दिला. दही परत आलं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. काकांना अजून पटलेलं नाही. असो. पहारेकऱ्यांना पगार देता येत नाही, निदान पाणी तरी विचारूया.