अशिलाच्या भाषेतला वकील
गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत अपघाताचे, विम्याचे आणि जमिनीचे दावे लढवणाऱ्या वकिलाला कायद्याइतक्याच भाषाही याव्या लागतात. राष्ट्रीय महामार्ग ६६वर जखमी झालेला मजूर हिंदीत किंवा कन्नडमध्ये बोलतो, साक्षीदार कोकणीत सांगतो, विम्याची पॉलिसी इंग्रजीत असते आणि जमिनीचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६नुसार जखमीला स्वतः राहतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणाकडेही भरपाई मागता येते. महाराष्ट्रातल्या सावंतवाडीच्या माणसाला त्यासाठी गोव्यात खेटे घालण्याची सक्ती नाही. हे त्याच्याच भाषेत कोणी सांगितले नाही, तर तो मिळेल त्या तडजोडीवर सही करून मोकळा होतो. म्हणून मोफत विधी सेवेसाठी वकील नेमताना त्याच्या भाषाही आवर्जून पाहायला हव्यात.