घराला मुदत नसते

व्यवस्थापनशास्त्राने केलेली प्रकल्पाची व्याख्या स्पष्ट आहे: एखादे विशिष्ट फलित हाती देण्यासाठी केलेला, ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट असलेला तात्पुरता उद्योग. यातील 'तात्पुरता' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण त्याच प्रकल्पाची हत्यारे घरात आणण्याची टूम आता सुशिक्षित घरांत चांगलीच रुळली आहे. फ्रिजवर 'करायचे', 'चालू', 'झाले' अशा तीन रकान्यांचा तक्ता, रविवारी कुटुंबाची आढावा बैठक, मुलांच्या अभ्यासाचे 'स्प्रिंट'. ब्रूस फायलर या अमेरिकी लेखकाने २०१३ साली सॉफ्टवेअरमधील 'अजाइल' पद्धत संसाराला लावण्याचा जाहीर पुरस्कार केला. हिंजवडीत दिवसभर तेच करणाऱ्यांना तो पटला, तर नवल नाही.

ही कल्पना नवीन मात्र नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करणारे फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी आपल्या मोठ्या कुटुंबावर हे प्रयोग केले होते. दात घासले, आंघोळ झाली, की मुलांनी न्हाणीघरातल्या तक्त्यावर सही करायची. त्यांच्या दोन मुलांनी १९४८ साली लिहिलेले 'चीपर बाय द डझन' हे आठवणींचे पुस्तक लोकांनी हसत हसत वाचले. त्या घरात स्वयंपाकाला आणि वरकामाला पगारी माणसे होती, ही गोष्ट मात्र हसण्याच्या भरात मागे पडते. आपल्याकडचे फ्रिजवरचे तक्तेही पाहावेत. भांडी घासणाऱ्या मावशींचे नाव त्यांत बहुधा सापडत नाही. त्या न आल्या तरच त्यांचे काम 'काम' ठरते.

आमचा याद्यांना विरोध नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७. हे मोजले गेले म्हणून दिसले. तक्त्यामुळे बाईचे अदृश्य काम दिसू लागते, हा युक्तिवाद म्हणून आम्ही हलका मानत नाही. प्रश्न असा की तो तक्ता लिहितो कोण? आठवण कोण करून देतो? बहुतेक घरी तीच. म्हणजे तिच्या कामांत व्यवस्थापनाचे आणखी एक काम वाढले, आणि इतरांना "माझ्या रकान्यात नव्हते" असे म्हणण्याची सोय झाली. कचेरीत नेमून दिलेले काम केले की माणूस मोकळा होतो. घरात दूध उतू जाताना ज्याला दिसेल त्याने गॅस बंद करायचा असतो.

शिवाय घरातल्या अर्ध्या गोष्टी 'झाले' या रकान्यात कधी जातच नाहीत. हे रकाने ज्या कानबान पद्धतीतून आले ती टोयोटाच्या कारखान्यातली. आणि तिथे ताइची ओनो यांनी उधळपट्टीचे जे सात प्रकार सांगितले, त्यांत 'वाट पाहणे' हा एक आहे. मोटारीच्या कारखान्यात ते योग्यच. पण घरात माणसे करतात काय? मूल झोपण्याची वाट पाहतात, ताप उतरण्याची वाट पाहतात, रुसलेली मुलगी आपणहून बोलेल याची वाट पाहतात. सासूबाई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असतात आणि ऐकणारा ती ऐकत असतो. ही उधळपट्टी छाटली तर उरेल ती नीट चालणारी खाणावळ.

आमचा मुख्य आक्षेप याहून पुढचा आहे. घरात वेळेची चणचण आहे हे खरे. पण ती घरात निर्माण झालेली नाही. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात, म्हणून तिकडच्या ग्राहकाची बैठक इकडच्या जेवणाच्या ताटावर येऊन बसते. कुटुंबाच्या कोणत्याही आढावा बैठकीला ती हलवण्याचा अधिकार नाही. तिने फक्त उरलेली चाळीस मिनिटे वाटून घ्यायची आणि त्या वाटणीला 'वर्क-लाइफ बॅलन्स' म्हणायचे! कचेरीने घेतलेल्या वेळेचा हिशेब घराने द्यावा, आणि तोही कचेरीच्याच भाषेत, याला आम्ही संतुलन म्हणणार नाही. आर्ली हॉक्शील्ड यांनी 'द टाइम बाइंड'मध्ये १९९७ सालीच दाखवले होते, की घर कारखान्यासारखे घाईचे होऊ लागले की माणसांना कचेरीच घरासारखी वाटू लागते.

गंमत अशी, की २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याने प्रक्रिया आणि साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद यांना वरचे स्थान दिले होते, आणि कामाचा वेग कायम झेपेल असाच असावा, असे तत्त्व सांगितले होते. ते तत्त्व कचेरीतच राहिले. घरी आले ते रकाने.

तेव्हा नियोजन करायचेच तर ते जिथले आहे तिथे करावे. घरच्या जेवणाची वेळ कचेरीच्या वेळापत्रकात न हलणारी अट म्हणून नोंदवावी. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मोकळे राहण्याच्या हक्काचा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. भांडायचे तर त्या मागणीसाठी भांडावे. मुलांच्या दात घासण्याच्या सह्यांसाठी नव्हे. प्रकल्प संपतो, त्याची माणसे दुसऱ्या प्रकल्पावर जातात. घरातल्या माणसांना ती सोय नाही, आणि ती नसणे हेच घर असण्याचे कारण आहे.