पेशंटनं विचारलं तर बिघडतं कुठे?

रुग्णसुरक्षेत रुग्णाला सहभागी करून घ्यावं, याला परिसंवादात कुणाचाच विरोध नसतो. वॉर्डात मात्र 'सिस्टर, हात धुतलेत ना?' एवढं विचारलं तरी कपाळाला आठी पडते. 'ते आमचं काम, तुम्ही त्यात पडू नका' असं मानणारे डॉक्टर आणि परिचारिका अप्रामाणिक नाहीत. पण त्यांची ही भूमिका घातक आहे.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की रुग्णाला वैद्यक कळत नाही. नाहीच कळत. पण कालच्यापेक्षा आज काय बदललं, हे उशाशी बसलेल्या माणसाइतकं कुणाला दिसतं? डॉक्टरांची पाळी बदलते, राउंड पाच मिनिटांत पुढे सरकतो; आई तिथेच असते. 2021 मध्ये मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाल्यामुळे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात दाखल होती. जंतुसंसर्ग बळावत होता. जोडून आलेल्या सुट्ट्यांत तो रक्तात भिनेल, ही भीती आईनं डॉक्टरांना बोलून दाखवली होती. तिची समजूत घालण्यात आली. अतिदक्षता विभागात वेळेवर हलवलं असतं तर मार्था बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष पुढे न्यायचौकशीत निघाला. त्या आईला वैद्यकाची पदवी नव्हती, आणि तिची भीती खरी ठरली.

दुसरा आक्षेप विश्वासाचा: सारखं विचारणं म्हणजे आमच्यावर अविश्वास. हे मला मुळीच पटत नाही. एका वॉर्डात दोन शिंदे असतात. इंजेक्शन हातात घेऊन 'तुम्ही शिंदे ना?' असं विचारलं, तर गुंगीतला माणूस 'हो'च म्हणणार. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं, तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते. यात कुणाचा अपमान झाला? रोजची गुलाबी गोळी आज पांढरी का, असं मुलीनं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर 'कंपनी बदलली' एवढंच असतं. एखाद्या वेळी ते तेवढंच नसतं.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. एका परिचारिकेवर किती खाटांचा भार असतो, हे सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला जाऊन पाहावं. माणसं वाढवलीच पाहिजेत. पण चुकलेल्या औषधाचे परिणाम निस्तरायला प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांचं काय, असंही विचारतात. हल्ला हा गुन्हाच आहे आणि महाराष्ट्रात 2010 पासून त्यासाठी कायदा आहे. मात्र हल्लेखोराच्या धाकानं प्रश्न विचारणाऱ्या बापालाही दाराबाहेर ठेवणं अन्याय्य आहे.

या आठीचं खरं मूळ मला उतरंडीत दिसतं. जी परिचारिका मोठ्या डॉक्टरांना 'सर, हा डोस बरोबर आहे ना?' असं विचारू शकत नाही, तिला रुग्णाचा प्रश्न कसा सोसवेल? वरून ओरडा बसतो, तोच खाली झिरपतो. म्हणून इंग्लंडमध्ये 2024 पासून लागू होत असलेला 'मार्थाचा नियम' मला मोलाचा वाटतो. त्यानुसार रुग्णाला, घरच्यांना रोज विचारायचं: बरं वाटतंय की बिघडतंय? प्रकृती ढासळतेय असं वाटलं तर घरच्यांनी थेट दुसऱ्या पथकाला बोलवायचं. आणि हाच अधिकार परिचारिकेलाही आहे.

नजर ठेवण्याचं ओझं रुग्णावर टाकावं, असं मात्र मी म्हणत नाही. जो विचारणार नाही, त्याची सुरक्षितताही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. तक्रारीची सोयही आहे. पण तक्रार होते घडून गेल्यावर. रात्री दोन वाजता वडिलांचा श्वास वाढला आणि 'सकाळी डॉक्टर येतील' हेच उत्तर मिळालं, तर त्या मुलानं कुणाला फोन करायचा? तो नंबर प्रत्येक खाटेशेजारी लिहिलेला हवा, आणि तो लावल्याबद्दल त्याला कुणी दरडावता कामा नये.