अहवाल निर्दोष, वेदना कायम

कुशीत महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेल्या वेदनेचा उलगडा व्हावा म्हणून जो रुग्ण सोनोग्राफीचे आणि रक्तचाचण्यांचे निर्दोष अहवाल घेऊन डॉक्टरांपुढे रुजू होतो, त्याची तक्रार ‘मानसिक’ असा शेरा मारून दफ्तरदाखल करणे हा त्या वेदनेचा आणि शास्त्राचाही अवमान होय. वस्तुतः अमेरिकन शल्यविशारद कार्नेट यांनी १९२६ मध्येच दाखवून दिले होते की, पोटातली भासणारी वेदना कित्येकदा आतल्या इंद्रियांची नसून उदरभित्तीतील मज्जातंतूंची असते. आणि तिची परीक्षा इतकी सुलभ आहे की, उताण्या निजलेल्या रुग्णाच्या दुखऱ्या जागी बोट दाबून त्यास मस्तक व खांदे उचलावयास सांगावे, आणि स्नायू ताठ होऊनही वेदना तशीच राहिली अथवा वाढली, तर तिचे मूळ भित्तीत असण्याचा संभव मोठा. त्याच जागी बधिरतेचे इंजेक्शन दिले असता मिळणारा आराम या निदानास पुष्टी देतो. मूतखडा, पित्ताशयाचे विकार इत्यादी कारणे आधी तपासलीच पाहिजेत. परंतु ती आढळली नाहीत म्हणजे तपास संपला, असा फैसला देण्याचा अधिकार कोणासही नाही. यंत्राच्या चित्राइतकेच महत्त्व हाताने केलेल्या परीक्षेस मिळावे, आणि उत्तर सापडेतो रुग्णाची तक्रार खरी मानली जावी, हा त्याचा हक्कच आहे.